उभ्या उभ्या प्यायची पेज

रोह्याजवळ वरसे गावात आमच्या घराची मागची खोली मी नर्सिंग शिकणाऱ्या मुलींना देते. गेल्या वर्षी दोघी होत्या. एक कोलाडकडची, भात आणि वाल पिकवणाऱ्या घरातली. दुसरी पेणच्या खाडीकाठची, तिचं सगळं घर मिठागरावर राबणारं. दोन्ही वेळचं जेवण मेसमध्ये होतं, पण सकाळी सातला वॉर्डात हजर व्हायचं आणि मेस उघडायची आठला. म्हणून सकाळचा नाश्ता मी अंगावर घेतला.

मला कामाची यादी केल्याशिवाय चैन पडत नाही. फ्रिजवर आठवड्याचं वेळापत्रक लागलं: घावन आणि उकडलेलं अंडं, शेंगदाण्याची चटणी लावून गुंडाळलेली भाकरी, थालीपीठ आणि केळं. अटी ठरलेल्या. रात्री निम्मी तयारी व्हायला हवी, सकाळी झटपट व्हायला हवं, दुपारपर्यंत पोटात टिकायला हवं आणि हाताला वास राहता कामा नये. सुकट वेळापत्रकातून बाद, पेशंटचा काय दोष!

आणखी एक अट मुलींनीच घातली: एका हाताने खाता आलं पाहिजे. त्याचं कारण मला पहिल्याच सकाळी कळलं. युनिफॉर्मचा अंबाडा जाळी लावून घट्ट बांधावा लागतो, एक बट सुटली तरी बोलणी बसतात. तेव्हा एक एका हातात आरसा धरून उभ्याने खाणार आणि दुसरी मागे उभी राहून तिचा अंबाडा घालणार, मग अदलाबदल. जिच्या तोंडात पिना, ती गप्प. जिच्या तोंडात घावन, तीही गप्प. एवढं शांत, नेटकं काम मी आमच्या घरात कुणाला करताना पाहिलेलं नाही.

अशातच खाडीकाठची मुलगी वॉर्डात चक्कर येऊन पडली. जखमेची पट्टी बदलताना ट्रे धरून उभी होती, तशीच कोसळली. काही दिवसांनी पुन्हा तसंच. शिकवणाऱ्या मॅडमनी सांगितलं, "रक्त सोसत नसेल तर हे काम तुझं नाही. वडिलांशी बोलते." वडील आधीच तिला पाठवायला तयार नव्हते. त्यांनी नेलं तर परत पाठवणार नाहीत, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

संध्याकाळी ती पायरीवर बसून रडत होती. "काकू, मना रगत बघवत नाय."

मी विचारलं, "घरी मासळी कोण साफ करतं?"

"मीच."

"तेव्हा येते चक्कर?"

ती रडायची थांबली. कोलाडची आतून ओरडली, "काकू, ती काय खात नाय! घावन रुमालात बांधून बॅगेत टाकते आणि संध्याकाळी कुत्र्याला घालते."

"चुगलखोर!" ही म्हणाली. मग हळूच सांगितलं, "काकू, तुम्ही मेहनतीने करता, म्हणून नाय बोलली. पण पहाटे घास उतरतच नाय. आमच्याकडं आधी काम. कोरी चाय पिऊन मिठागरावर जायचं, ऊन चढलं की न्याहारी. लहानपणापासून तसंच."

म्हणजे पोरगी भल्या सकाळी रिकाम्या पोटी कामाला लागत होती, घरच्यासारखीच. फक्त वॉर्डात न्याहारीची सुट्टी नव्हती. माझं वेळापत्रक चांगलं होतं, पण तिच्या पोटाला ते कुणी सांगितलं नव्हतं.

चहा उतरतो, तर पेजही उतरेल. रात्री तांदळाच्या कण्या आणि मूगडाळ भिजत घातली, सकाळी जिरं घालून कुकरला लावली. मीठ, चमचाभर तूप, आणि घोटून स्टीलच्या पेल्यात.

तिने पेला बघून तोंड फिरवलं. "मी काय आजारी हाय काय? आमच्याकडं ताप आल्यावर देतात."

कोलाडचीने हातातलं घावन खाली ठेवलं. "काकू, मलापण पेजच द्या. बघू तरी तापात काय मिळतं हिला." आणि दोन घोटांत निम्मा पेला संपवला. तिला घावन किती आवडायचं ते मला माहीत होतं. मग हिलाही प्यावी लागली. त्या दिवसापासून दोघी पेजच पीत होत्या, उभ्या उभ्या, आलटून पालटून.

आठवड्याभराने भल्या सकाळी दारात तिचे वडील. मॅडमचा फोन गेला होता. आदल्या संध्याकाळीच येऊन ते रोह्यात नातेवाइकांकडे उतरले होते. काखेत मोठी रिकामी पिशवी होती. कशासाठी, ते तिघींनाही कळलं.

त्यांनी मुलीच्या हातातला पेला पाहिला. "पेज पितेस? बरी नाय काय गो?"

कोलाडची पिना तोंडात धरून बोलली, "काका, मीपण पिते. मी दिसते काय आजारी?"

मुलीने पेला संपवला. "बाबा, आज पट्टीला माझा नंबर हाय. ड्युटी करून येते, मंग काय ते बोला." आणि दोघी गेल्या.

ते ओटीवर बसून राहिले. मी घावन पुढे केलं. "नको ताई, ती आली म्हंजे बघू." मी भाजी निवडली, कपडे वाळत घातले, पण कान फाटकाकडेच होते.

दुपारी दोघी चालत आल्या. अंबाडा जागच्या जागी होता.

"पडलीस नाय?" वडिलांनी विचारलं.

"नाय. पायाची जखम होती, मोठी. मीच पट्टी केली, मॅडम बाजूला उभ्या होत्या."

"काय बोलल्या?"

"उद्या पण तूच कर, बोलल्या."

वडील उठले. मग पिशवीची घडी घालून काखेत मारली आणि मला म्हणाले, "ताई, ती पेज उरली हाय काय? सकाळपासून पोटात काय नाय."

मी गरम करून आणली. "बसून घ्या," म्हटलं. पण त्यांना पेणची एसटी गाठायची होती. ते उभ्यानेच प्यायले, आणि मुलीच्या हातात रिकामा पेला देऊन निघाले.