नरसय्या काकांच्या सहा रेकॉर्डी

माझं पहिलं छापून आलेलं लिखाण माझं नव्हतं.

ते नरसय्या काकांचं होतं. काका आज पहाटे गेले.

आमच्या शेजारी राहायचे. जन्मभर दुसऱ्याच्या कारखान्यात माग चालवले. सकाळपासून गल्लीच्या ग्रुपवर सगळे लिहितायत, 'साधा, कष्टाळू माणूस.'

एवढंच माहीत आहे लोकांना. त्याला जबाबदार मी.

सत्तरच्या दशकात मालकाच्या मुलानं त्यांना एका इंग्रजी रॉक बँडच्या सहा रेकॉर्डी दिल्या. एकेक करून, जुनी झाली की.

आठवड्यातून एक दिवस वीज बंद असायची. माग थांबायचे, गल्ली शांत व्हायची. त्या दिवशी काका सेलवरचा रेकॉर्डप्लेयर लावून ऐकायचे आणि वहीत लिहायचे. मराठीत. प्रत्येक अल्बमचं परीक्षण.

'ड्रमवाला मागावरचा धोटा फेकल्यासारखा मारतो, पण एक धागा तुटू देत नाही.'

पाचव्या अल्बमबद्दल: 'आता यांच्याकडे पैसा आला. गिटार वाढली, भूक कमी झाली.'

मी कॉलेजात असताना त्यांनी ती वही मला वाचायला दिली. मी ती उतरवून काढली आणि कॉलेजच्या वार्षिक अंकात दिली.

माझ्या नावानं.

बक्षीस मिळालं. पप्पांनी कौतुकानं अंक काकांच्याच हातात दिला.

काकांनी दारात उभ्यानंच सगळं वाचलं. पप्पा आत गेल्यावर मला म्हणाले,
"लई भारी लिवलंय की. कुणी गं?"

मी अंक परत घ्यायला हात पुढे केला. त्यांनी दिला नाही.

"चौथ्या रेकॉर्डीला मी लिवलं होतं, इंग्रजी शब्द कळले न्हाईत. ते का काढलंस?"

"बरं दिसत नव्हतं, काका."

"खरं होतं की पण."

मग हसले. "एकदा सांग लोकांना. घाई न्हाय."

'घाई न्हाय' हे त्यांचे दोन शब्द मी पंचवीस वर्षं पुरवून वापरले.

पुढे लेख लिहिले, दोन पुस्तकं आली. प्रत्येक मुलाखतीत 'सुरुवात कशी झाली?' हा प्रश्न आला. प्रत्येक वेळी मी त्या अंकाचं नाव घेतलं. काकांचं नाही.

डायरीत मात्र कितीदा कबूल केलं. डायरी कोण वाचतं?

मागच्या महिन्यात भेटायला गेले. अंथरुणातच होते. सून चहा करायला आत गेली. आज सांगायचंच, असं ठरवून गेले होते. सुनेला, मुलाला, सगळ्यांना.

काकांनीच विचारलं, "लिवतीस का अजून?"

"हो."

"सोताचं?"

सून चहा घेऊन आली. मी बिस्किटांचं काहीतरी बोलले.

आता ते वाचणार नाहीत, म्हणून लिहायचं धाडस झालं का? बहुतेक तसंच. यात प्रामाणिकपणा बघू नका. कमेंटमध्ये माझं कौतुक तर अजिबात नको.

त्या अंकातला लेख नरसय्या काकांचा आहे. गाळलेलं वाक्यही त्यांचंच.

काका, माफी मागायची वेळ मी घालवली. नमस्कार तेवढा घ्या.