निबर भेंडी

भाजीवाला दिसला की भाऊकाका भाव विचारायच्या आधी विचारत, "पिछले साल उस खेत में क्या था?" पिकवणारा असेल तर मागचं पीक, कीड, पाऊस अशी सगळी कहाणी सांगे, व्यापारी असेल तर नुसता बघत राही. एका लग्नात त्यांनी आचाऱ्यालाही हेच विचारलं, तेव्हा काकू पंगतीतून उठायच्या बेतात होत्या.

काका सरकारी पणन खात्यात होते. आमच्या शहरात आबिड्सच्या बड्या दुकानांत परदेशी सफरचंदं दिसू लागली, तेव्हाची ही गोष्ट. "ते समुद्र ओलांडून ताजं येतं, आणि आमच्या शेतकऱ्याचा टमाटा दलालाच्या दारात मऊ पडतो," म्हणून ते चिडत. शेतकऱ्यांनी स्वतः माल विकायचा बाजार विद्यानगरजवळ व्हावा, यासाठी त्यांनी जिवाचं रान केलं. तो झालाही. नियम एकच, पिकवेल त्यानंच बसायचं. फाटकावर जातीनं काका, आणि त्यांचा तो प्रश्न.

एका सकाळी तिथे यादम्मा टोपली घेऊन आली. आमच्या गल्लीत वर्षानुवर्षं भाजी घालणारी. नव्या बाजारानं तिचं गिऱ्हाईक तुटलं होतं. ती तरी कुठे जाणार? मी पिशवी घेऊन तिथेच उभी होते. काकांनी तिला प्रश्न विचारलाच नाही. ती मंडईतून माल उचलते, हे त्यांना ठाऊक होतं.

"इत्ते बरस तुमारे घरकू तरकारी डाली, सारू. मैंइच चोर?"

"चोर नै अम्मा. पन ये जगा तुमारी नै." काकांचा आवाज पार खाली गेला होता.

मला त्यांचा फार राग आला. थोडा अजूनही आहे. पण तिला बसू दिलं असतं, तर दुसऱ्या दिवशी दलालांचीच माणसं टोपल्या घेऊन आली असती, हेही खरं.

त्यानंतर काकांनी आपल्याच बाजारातली भाजी घरात येऊ दिली नाही. यादम्माच्या बस्तीत जाऊन, पूर्वीसारखी येत जा, म्हणून सांगून आले. ती आली, पण राग काढत. किडकी वांगी, दोरीसारखा घेवडा, निबर भेंडी, सगळं वेचून काकांच्या वाट्याला. काकू तणतणत. काका मुकाट्यानं चावत बसत आणि म्हणत, "माझा हक्काचा माल आहे."

निवृत्तीनंतरही हेच चाललं. मग काकांनी अंथरूण धरलं. एक दिवस यादम्मा आत आली, खोलीच्या उंबऱ्याशी उभी राहून त्यांना बघून गेली. त्या दुपारी ताटात भेंडी होती. काकांनी घास घेतला आणि थांबले.

"कोवळी दिली यादम्मानं?" काकूंकडे बघत ते म्हणाले. "म्हणजे आता माझं काही खरं नाही."