नाजमीनचं हलकं मशीन

"खांदा माझा आहे, त्याला काय लटकवायचं ते मी ठरवीन," असं नाजमीन एकदा भर प्रेसमध्ये आपल्या मोठ्या भावाला, तनवीरला, म्हणाली होती.

धुळ्यात त्यांची लग्नपत्रिकांची प्रेस. छपाई तनवीर बघायचा, धाकटा दानिश गिऱ्हाईक सांभाळायचा, आणि पत्रिकेवरची नावं लावायचं काम नाजमीनचं. हे काम दुकानात बसून होत नाही. नवरा-नवरीची दोन नावं कुणीही छापून देईल. खरी पत्रिका त्यांच्या खाली सुरू होते. निमंत्रक कोण, व्यवस्थापक कोण, कुठला काका कुठल्या काकाच्या वर, वारलेल्या आजोबांची जागा कोणती. त्यासाठी सगळी भावकी एका खोलीत बसवावी लागते आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत नावं वरखाली करावी लागतात. नाजमीन लॅपटॉप घेऊन गावोगाव जायची. साक्री, शिरपूर, कुठेही. एकटी, एसटीनं. लोक प्रेसचं नाव विसरायचे, पण पत्रिकावाल्या ताईंना बोलवा म्हणायचे. हे सगळं तिनं स्वतः उभं केलं होतं.

जुना लॅपटॉप पाट्यासारखा जड. त्याचा चार्जर वेगळा वरवंटा. बॅटरी मेलेली, त्यामुळे गावात वीज गेली की सगळी मंडळी पुन्हा भांडणाच्या सुरुवातीला यायची. उजवा हात रात्री बधिर व्हायला लागला तेव्हा डॉक्टरांनी वजन उचलायचं नाही म्हणून सांगितलं. तनवीरला त्यात सोय दिसली. आता तू दुकानात बस, पत्रिकांच्या घड्या घाल, बाहेरचं दानिश बघेल, असं तो म्हणाला. त्यावरचं तिचं उत्तर म्हणजे ते खांद्याचं वाक्य.

मग तिनं पातळ लॅपटॉप मागितला. मागायच्या आधी स्वतःच त्याची उलटतपासणी केली. पिशवीत ठेवला तर वहीएवढं वजन. झाकण उघडताक्षणी जागा होतो. बॅटरी एवढी की दोन भावकींचं भांडण मिटेल. पण पेनड्राइव्ह थेट लागत नाही, मध्ये वेगळा जोड लावावा लागतो. बॅटरी काढता येत नाही. एप्रिलमध्ये मांडीवर ठेवला तर तवा. बिघडला तर धुळ्यात उघडणारा मिळेल याची खात्री नाही. आणि झाकण पापडासारखं. यातलं काहीही तिनं भावापासून लपवलं नाही. तनवीर म्हणाला, हलक्या वस्तूत दम नसतो. दानिश म्हणाला, आपाला शोभेल, दिसायला छान आहे. एवढा विचार करून निवडलेल्या वस्तूला दिसायला छान म्हटलेलं ऐकून तिला जी चीड आली, ती तिनं गिळली. मशीन आलं. मशीन आलं म्हणजे तिचं बाहेर जाणं टिकलं.

तिनं त्यासाठी एक रीत बसवली. स्क्रीनवर नावांच्या बाजूला आकडे टाकायचे. ज्याला बदल हवा त्यानं लांबून आकडा सांगायचा, बोट लावायचं नाही. बायकांना हे लगेच जमलं. पोरांना तर खेळच झाला.

पिंपळनेरला निंबाआबांच्या घरी मात्र रुपचंदनाना होते. आबांच्या ललितचं लग्न. रुपचंदनाना आबांचे थोरले चुलतभाऊ, गावात ज्यांच्या आधी कुणी जेवायला बसत नाही असे. नाजमीननं खाटेवर मशीन ठेवलं, आकड्यांची रीत समजावली. सगळे आकडे सांगू लागले. नाना डोळे बारीक करून स्क्रीनकडे पाहत होते. मग म्हणाले,

"मनं नाव कोठे शे?"

"सातव्या आकड्यावर, नाना."

"मी काय रेशनच्या रांगेत उभा शे का?"

खोली हसली. नानांना ते हसू आवडलं. ते उठले, खाटेजवळ आले, आणि नाजमीन नको म्हणेपर्यंत त्यांनी झाकणाचा कोपरा धरून मशीन आपल्याकडे वळवलं. चार बोटं मागे, अंगठा पुढे, बरोबर सहाव्या नावावर. ते नाव त्यांच्या धाकट्या भावाचं. अंगठा त्यांनी तिथे दाबून धरला, जणू भावालाच खाली दाबत होते. बारीकसा आवाज झाला. अंगठ्याखालून काळा डाग निघाला आणि शाई सांडावी तसा नावांवरून पसरत गेला.

"बोटच तं लावं," नाना म्हणाले. "इतलं पातळ मशीन कसाले आनं?"

आणि खोलीला ते पटलं. हेच नाजमीनला सहन होईना. ज्यांनी डोळ्यांनी पाहिलं, त्या सगळ्यांना पटलं. कुणी म्हणालं, आजकालच्या वस्तूच तशा. कुणी म्हणालं, ताईंनी तरी जपायला हवं होतं. ललितची आई भागाबाई खाटेला खेटूनच बसली होती, तिनं अंगठा पाहिला होता. नाजमीननं तिच्याकडे पाहिलं तर ती उठून चहा बघायला गेली. दगडावर आपटलेल्या काचेला कुणी विचारत नाही दगड कुठला म्हणून. सगळे म्हणतात, काच होती.

निंबाआबांनी तनवीरला फोन लावला, सगळ्यांनी ऐकावं म्हणून स्पीकरवर. मशीन बंद पडलं, म्हणाले. पडलं. जसं काही ते आपणहून दमून पडलं.

"बंद पडलं नाही, भाई," नाजमीन म्हणाली. "नानांनी फोडलं."

खोलीत कुणीतरी जीभ चावली. फोनमधून तनवीर थेट नानांशी बोलू लागला, दुकानात बोलतो त्या मऊ आवाजात. चूक आमचीच आहे, नाना. मी तिला आधीच सांगितलं होतं. उद्या दानिश जुनं मजबूत मशीन घेऊन येतो, तुमचं नाव पहिलं टाकून देतो. यापुढे बाहेरचं तोच बघेल, ती दुकानातच बसेल.

तिला विचारलंसुद्धा नाही. हात बघितला नाही, खांदा बघितला नाही. एका अंगठ्याचं भरून द्यायला तिचं सगळं बाहेर जाणं देऊन टाकलं, आणि तेही पिंपळनेरच्या खाटेवर, परक्या माणसांसमोर.

"नाजमीन," फोन म्हणाला, "नानांना सॉरी म्हण. आणि मशीन जपून आण, प्रेसचं आहे."

नाना पुन्हा आपल्या जागी जाऊन बसले होते, मांडी घालून, ऐकायला तयार. भागाबाई चहाचा ट्रे घेऊन दारात थबकली. सगळी खोली नाजमीनच्या तोंडाकडे पाहत होती.

तिनं मशीनचं झाकण लावलं. हळूच, कोपऱ्याला हात न लावता. चार्जर गुंडाळून त्याच्यावर ठेवला, आणि दोन्ही खाटेवरच राहू दिलं. रिकामी पिशवी उचलली. फोनमधून तनवीर हॅलो, हॅलो करत होता. भागाबाईच्या बाजूनं ती दाराबाहेर आली, चपला घातल्या आणि स्टँडच्या वाटेनं चालू लागली.