आवाज नसलेली गाडी

निवृत्त झाल्यावर माझ्या नवऱ्याने स्वतःसाठी एकच गोष्ट मागितली, आणि ती होती राहता येईल अशी एक व्हॅन. मागे पलंग, छोटंसं स्वयंपाकाचं टेबल, पाण्याची टाकी. तीही इलेक्ट्रिक. मला याचंच नवल वाटलं, कारण मानेसरच्या मोटार कारखान्यात सगळी नोकरी त्याने इंजिनं तपासण्यात घालवली होती. स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून तो कुठला भाग खराब आहे ते सांगायचा. शेजारपाजारचे लोक रविवारी गाडी सुरू करून आमच्या गॅलरीखाली उभी करायचे आणि तो वरूनच निदान करायचा.

"इंजिन नसलेली गाडी घेऊन काय करणार तुम्ही?" मी विचारलं.

"आवाज खूप ऐकले," तो म्हणाला. "आता नकोत."

आमची मुलगी बंगळुरूला असते. इथे दिल्लीजवळ नोएडात वाढलेली, तिचं मराठी निम्मं हिंदी. तिला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "आई, बुक करून टाका ना यार. बाबा बिल्कुल बरोबर बोलतायत. तू उगाच घाबरतेस."

घाबरत होते हे खरं होतं, पण कशाला, हे मला सांगता येत नव्हतं. त्या महिन्यांत नवरा थोडा बदलला होता. बोलता बोलता मध्येच थांबायचा आणि मी पुढचं बोलेन म्हणून वाट पाहायचा. एकदा भाजी आणायला गेला आणि दुसऱ्या सेक्टरमधल्या तशाच इमारतीच्या तशाच जिन्याने वर जाऊन तिथली घंटा वाजवून आला. आम्ही दोघं हसलो होतो. नोएडात घरं सारखीच दिसतात, कोणाचंही होईल असं.

शेवटी मी म्हटलं, आधी एक दिवस चालवून बघू, मग ऑर्डर द्यायची की नाही ते ठरवू.

व्हॅन विकणाऱ्यांनी आम्हाला एक गाडी सकाळपासून संध्याकाळपर्यंत दिली. पांढरी, उंच, आतून नव्या फ्रिजसारखा वास येणारी. तिथला विक्रेता तरुण होता, पण सगळं समजावून सांगणारा. "सर, एक ही बात ध्यान में रखिए," तो म्हणाला. "गाड़ी चालू है या बंद, ये स्क्रीन देखकर पता चलेगा. कान से नहीं."

डिसेंबर संपत आला होता. धुकं नऊ वाजताही विरलं नव्हतं. एक्सप्रेसवेवर आमच्या पुढे फक्त लाल दिव्यांचे ठिपके होते. गाडीला खरोखरच आवाज नव्हता. टायरांची सरसर आणि माझ्या मांडीवरच्या डब्याच्या झाकणाची टकटक, इतकंच. दोन-तीनदा मला वाटलं की गाडी उभी आहे आणि धुकंच मागे चाललंय.

आम्ही पार टोकाच्या एका सेक्टरला उतरलो. तिथे रस्ते होते, घरं नव्हती. पिवळ्या-काळ्या रंगाचे कठडे, दिवे न लावलेले खांब, भूखंडांचे आकडे कोरलेले दगड, आणि दर चार वळणांनंतर सारखाच दिसणारा एक चौक. लांब अर्धवट बांधलेले टॉवर होते. त्यांचे वरचे मजले दिसतच नव्हते. बिल्डर काम सोडून गेला, असं इथे पुष्कळ ठिकाणी झालंय. नवऱ्याने गाडी कडेला लावली आणि म्हणाला, "इथे कोणी त्रास देणार नाही. राहून बघू दिवसभर."

आम्ही मागच्या टेबलावर चहा केला, ब्रेड भाजला. मागे पलंगाला लागून एक सीट होती, तिथे मी बसले होते. माझी मरून रंगाची शाल मी तिच्या उशीवर टाकली होती. चहा झाल्यावर मला पाय मोकळे करावेसे वाटले. दारापाशी नवऱ्याचं जाड जॅकेट अडकवलेलं होतं, तेच अंगात घातलं.

"जरा फिरून येते," मी म्हटलं.

तो पुढे चालकाच्या सीटवर स्क्रीनशी खटपट करत होता. "हं," म्हणाला.

मी दोन-अडीचशे पावलं गेले असेन. एका भूखंडात नीलगाय उभी होती, धुक्यात भिंतीसारखी. तिने माझ्याकडे पाहिलं, मीही तिच्याकडे पाहत राहिले. ती गेली तेव्हा मी परत फिरले. जिथे गाडी होती तिथे गाडी नव्हती.

आधी वाटलं मीच चुकले. पण रस्त्यावर मी ओतून दिलेला चहाचा चोथा होता, अजून ओला. गाडी जाताना मला काहीच ऐकू आलं नव्हतं. मी खिशात हात घातला तर जॅकेटमध्ये नवऱ्याचा फोन निघाला. माझा फोन गाडीत चार्जिंगला लावलेला होता. मी त्याच्या फोनवरून माझा नंबर लावला. घंटी वाजत राहिली, कोणी उचलला नाही. पुन्हा लावला. पुन्हा तेच.

मग ती मला दिसली. पुढच्या चौकातून व्हॅन डावीकडून उजवीकडे गेली, चालत्या माणसाच्या वेगाने. नवरा समोर पाहत होता आणि त्याचे ओठ हलत होते. मी हाक मारली, "अहो." मग जोरात मारली. काचा बंद होत्या. मी चौकापर्यंत धावले, तोवर तिथे पुन्हा नुसतं धुकं होतं. मिनिटभराने ती माझ्या मागच्या रस्त्यावरून गेली, तशीच हळू. तो अजूनही बोलत होता. मध्ये थांबायचा, ऐकल्यासारखी मान हलवायचा, आणि पुन्हा बोलायचा.

टॉवरच्या फाटकाशी एक म्हातारा चौकीदार लोखंडी घमेल्यात लाकडं जाळून बसला होता. मी त्याला विचारलं, "भैया, सफेद गाड़ी देखी?"

"देखी," तो म्हणाला. "तीन चक्कर लगा चुकी. बाबूजी चला रहे हैं."

"अकेले हैं ना?"

"नहीं, पीछे मेमसाब बैठी हैं. लाल कपड़े में."

ती माझी शाल होती हे मला कळत होतं. उशीवर टाकलेली शाल, गाडी जाताना धुक्यातून काचेतून पाहिली तर बसलेली बाई वाटणारच. तरीसुद्धा मी तिथे नवऱ्याचं जॅकेट घालून उभी होते, आणि दोन माणसं मला त्या गाडीत बसलेली समजत होती.

चौकीदाराने सुचवलं म्हणून मी रस्त्याच्या मधोमध उभी राहिले. गाडी चौथ्यांदा आली आणि माझ्यापासून हातभर अंतरावर थांबली. नवऱ्याने काच खाली केली. माझ्याकडे पाहिलं, मग मान वळवून मागच्या सीटकडे पाहिलं. ते त्याचं वळून पाहणं मी विसरू शकलेले नाही. तिथे कोणी नाही हे कळायला त्याला बराच वेळ लागला.

"तू कधी उतरलीस?" त्याने विचारलं.

"चहा झाल्यावर. तुम्हाला सांगून."

"पण आपण बोलत होतो ना आत्ता."

मी आत चढले आणि त्याच्या शेजारी बसले. त्याचे हात थंडगार पडले होते. "माझा फोन वाजत होता ना?" मी विचारलं.

"वाजत होता. तू उचलला नाहीस. मला वाटलं, बोलायच्या नादात असशील."

"काय बोलत होते मी?"

"ते समोरचं घर," तो म्हणाला. "तू दुपारी तिकडे जाऊन बसायचीस, ते सांगत होतीस."

ही गोष्ट मी जगात कोणालाच सांगितलेली नव्हती.

आम्ही नोएडात आलो तेव्हा लग्नाला वर्षही झालं नव्हतं. घर लॉटरीत इकडे लागलं आणि त्याची नोकरी तिकडे दिल्लीपलीकडे मानेसरला. कंपनीची बस तो अंधारात पकडायचा आणि अंधारातच परतायचा. चार मजल्यांच्या आमच्या इमारतीत तेव्हा दोनच कुटुंबं राहायला आली होती. खाली मोहरीची शेतं, मधून आखलेले रस्ते, आणि दिवसभर एकही माणूस नाही. मी नागपूरची, भरल्या मोहल्ल्यातली. एक दिवस चुकून कळलं की आमची किल्ली समोरच्या बंद घरालाही लागते. कंत्राटदाराने सगळीकडे एकसारखीच कुलपं बसवली होती. मी आत गेले. आमचंच घर, फक्त उलटं, आरशातल्यासारखं. मी रोज दुपारी तिथे जाऊ लागले. झाडून घ्यायचे, जमिनीवर बसायचे, आणि तिथे एक शेजारीण राहते असं मानून तिच्याशी बोलायचे. मराठी कानावर पडावं म्हणून. पुढे पुढे तिची उत्तरंही मीच द्यायला लागले, थोड्या जाड आवाजात. नंतर एक दिवस आत गेले तर घर आधीच झाडलेलं होतं. मी केरसुणी आडवी ठेवायचे, ती भिंतीला उभी टेकवलेली होती. मी दार ओढून घेतलं ते पुन्हा उघडलंच नाही. त्याच महिन्यात मी नोकरी शोधली.

"तुम्हाला हे कसं माहीत?" मी व्हॅनमध्ये त्याला विचारलं.

"आत्ता तूच सांगितलंस," तो म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर जराही लपवाछपवी नव्हती.

गाडी परत करायची होती. मला चालवता येत नव्हतं, म्हणून तोच चालवत आला आणि मी सगळा रस्ता काही ना काही बोलत राहिले. विक्रेत्याने विचारलं, "कैसी लगी मैडम?" मी म्हटलं, सोचकर बताएंगे.

जानेवारीत डॉक्टरांना दाखवलं, तपासण्या झाल्या. स्मरणशक्तीचा आजार आहे, अगदी सुरुवात आहे, औषधाने वेग कमी होईल, असं डॉक्टरांनी सांगितलं. गाडी चालवणं मात्र बंद. नवऱ्याने हे शांतपणे ऐकलं. घरी येताना टॅक्सीत म्हणाला, "व्हॅनचं नाही म्हणून कळवून टाक."

मी लगेच कळवलं नाही. का, ते तेव्हा ठाऊक नव्हतं.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी आम्ही गॅलरीत मटार सोलत होतो. तो दिवस त्याचा चांगला होता. तो आपणहून म्हणाला, "तुला एक सांगायचं राहिलं. एकदा कारखान्याचं गेट बंद होतं, संप होता. बस अर्ध्यातून परत आली. मी दुपारीच जिना चढलो तर समोरच्या घरातून तुझा आवाज येत होता. आणि दुसऱ्या एका बाईचा."

मी शेंग हातात धरून थांबले.

"दारातून पाहिलं तर तू एकटीच होतीस," तो म्हणाला. "मी घाबरलो. तसाच खाली गेलो, अंधार पडेपर्यंत पार्कात बसलो. काय बोलावं सुचेना. दुसऱ्या दिवशी बसच्या आधी तिथे जाऊन झाडून ठेवलं. तुझं एक काम कमी होईल, एवढंच डोक्यात आलं."

त्या उभ्या केरसुणीने मी किती घाबरले होते, ते मी त्याला तेव्हा सांगितलं. त्याने मुठीतले दाणे पातेल्यात सोडले. "मला वाटलं होतं, तुला बरं वाटेल," तो म्हणाला. मग म्हणाला, "त्यानंतर विचारायचंच राहून गेलं."

त्या दिवशी व्हॅनमध्ये ही गोष्ट बहुधा त्यानेच सांगितली होती, मागे मी बसले आहे असं समजून. कोणी कोणाला सांगितली तेवढं त्याच्या मनात उलटं झालं होतं. डॉक्टरही म्हणाले की असं होतं. पण मी त्याला एकदा विचारलं, तुम्ही बोलताना थांबायचात, तेव्हा मागून उत्तर कोण देत होतं? तो म्हणाला, "जाड आवाज होता. मला वाटलं तुला सर्दी झालीय." यापुढे मी विचारलं नाही.

मार्चमध्ये मी गाडी शिकायला नाव घातलं. शिकवणारे गृहस्थ सरदारजी होते. वर्गातली सगळी मुलं माझ्या मुलीपेक्षा लहान. पहिले आठ दिवस क्लच सोडला की गाडी उडी मारून बंद पडायची. सरदारजी म्हणायचे, "कोई बात नहीं बहनजी, फिर से." लायसन्स हातात आलं त्या आठवड्यात मी नवऱ्याला घेऊन व्हॅनवाल्यांकडे गेले.

विक्रेत्याने कागद पुढे केले. "चलाएगा कौन, सर?"

"ये चलाएंगी," नवरा म्हणाला.

मागची ती सीट काढून टाका, तिथे कपाट बसवा, असं मी सांगितलं. नवऱ्याने एक प्रश्न विचारला. हळू चालवताना गाडी लोकांना सावध करायला बारीक घूं करते, तो आवाज वाढवता येईल का. विक्रेता हसून म्हणाला, लोग तो कम करवाने आते हैं सर. मी ऑर्डरवर सही केली.

व्हॅन आता इमारतीखाली उभी असते. गढमुक्तेश्वरला गंगेकाठी जायचं ठरलंय, अजून गेलेलो नाही. सध्या मी तिला सेक्टरभर फिरवते आणि तो शेजारी बसून वळणं सांगतो, कधी बरोबर, कधी मानेसरच्या रस्त्याची. दुपारी पुष्कळदा तो एकटाच किल्ली घेऊन खाली जातो आणि आत बसतो. मी गॅलरीतून पाहते. त्याचे ओठ हलायला लागले की हातातलं काम ठेवून मी जिना उतरते.