न टाकलेला पाइप

अमेरिकेतल्या नेपरव्हिलच्या मराठी लोकांत कुणीही घर घ्यायचं ठरवलं की आधी प्रफुल्लकाकांना बोलवायचं. काका फॅक्टरीत बॉयलर तपासायचे, दुसऱ्याच्या घरात एक नट सैल दिसला तरी त्यांना चैन पडायची नाही. आणि याच माणसाने स्वतःच्या घरात काय करून ठेवलं ते ऐका.

सत्त्याण्णवच्या ऑक्टोबरात त्यांना घर गरम ठेवणारी जुनी फर्नेस बदलायची होती, कारण नागपूरहून त्यांची आई, रत्नाबाई, पहिल्यांदाच हिवाळाभर राहायला येणार होती. गोऱ्या कॉन्ट्रॅक्टरने नीट समजावलं होतं. नव्या फर्नेसचा धूर भिंतीतून बाहेर जाईल, मग विटांच्या चिमणीला एकटा वॉटर हीटर उरेल. एवढ्या रुंद चिमणीत त्याचा धूर गार होतो आणि परत बेसमेंटमध्ये उतरतो, म्हणून आत अरुंद पाइप टाकायलाच हवा.

काकांना वाटलं, हा पाइप गड्याने भाव वाढवायलाच घातलाय. आपल्याकडे पहिला भाव कधी खरा असतो का? ते म्हणाले, पाइप काढ, बाकीचं कर. गोरा म्हणाला, पाइपशिवाय मी हात लावणार नाही, आणि चक्क निघून गेला. काका आठवडाभर वाट बघत बसले, येईल परत म्हणून. मग श्रीरंग नावाच्या मित्राला घेऊन दोन शनिवारांत त्यांनी स्वतःच सगळं बसवलं. पाइप सोडून. बॉयलर तपासणाऱ्याला कळत नव्हतं? कळत होतं यार. नंतर टाकू म्हणाले.

रत्नाबाईंनी बेसमेंटचीच खोली मागून घेतली, बुद्धमूर्ती तिथे होती म्हणून. रोज दोन बादल्या कढत पाण्याने अंघोळ. डिसेंबरात त्यांचं डोकं दुखायला लागलं, मळमळायला लागलं. काका म्हणायचे, आई, तुला घरची आठवण येतेय, आणि हातात गोळी ठेवायचे. इंजिनिअर पोरगा सांगतोय म्हटल्यावर त्या मुकाट घ्यायच्या.

लक्षात आलं ते उपासनाकाकूंच्या. एका रविवारी सगळे दिवसभर डेव्हन ॲव्हेन्यूच्या देशी बाजारात होते, तर सासूबाई दोन समोसे खाऊन हसतायत, आणि सोमवारी अंघोळ झाली की परत डोकं धरून बसल्यात. काकूंनी नवऱ्याला न विचारता गॅस कंपनीला फोन लावला. तो माणूस मीटर घेऊन वॉटर हीटरपाशी गेला, गॅस बंद केला आणि सगळ्यांना बर्फात बाहेर काढलं. घरात विषारी वायू साठत होता. हे कुणी बसवलं, त्याने विचारलं.

"अ कॉन्ट्रॅक्टर," काका म्हणाले. तोंडातून निघूनच गेलं.

तेवढा एक शब्द रत्नाबाईंना कळला. हॉस्पिटलात नाकाला ऑक्सिजन लावलेला, तरी त्या मेल्या गोऱ्याचा उद्धार चालू, आणि काका पलंगाशी उभे राहून ऐकतायत. घरी आल्यावरही तेच. तीन दिवस काकांनी ऐकलं.

चौथ्या दिवशी सकाळी मायलेक वंदनेला बसले, मूर्ती आता वर हॉलमध्ये आणली होती. पंचशील म्हणताना खोटं न बोलण्याचं शील आलं आणि काका मध्येच थांबले. आईने वळून पाहिलं.

"आई, कॉन्ट्रॅक्टर नव्हता. मी केलं. तो पाइप टाक म्हणत होता, मीच नको म्हणालो."

रत्नाबाईंनी जोडलेले हात खाली घेतले.

"अन् मले गोळ्या देत होता?"

बास, एवढंच. चार शिव्या घातल्या असत्या तर काकांना सोपं गेलं असतं. पण त्या उठल्या आणि चहा टाकायला गेल्या.

तेवढ्यात नागपूरहून काकांच्या बहिणीचा, विनीताचा फोन आला. रत्नाबाईंनी उचलला. "त्या गोऱ्यानं बिघडोलं वं सारं," त्या सांगत होत्या. "प्रफुल्ल होता म्हणून वाचली मी."

काकांना ते ऐकवेना. आत्ता पंचशील म्हटलेली आई, आणि त्यांच्यासाठी खोटं बोलत होती. त्यांनी जाऊन रिसीव्हर धरला.

"विनीता, आई मला पाठीशी घालतेय," ते म्हणाले आणि पहिल्यापासून सांगायला लागले. रत्नाबाई रिसीव्हर परत ओढत होत्या. काका सोडत नव्हते.