सुधारेल, तशीच राहील की बिघडेल?

दर महिन्याला त्याच दारात जाऊन तोच प्रश्न विचारला, की किस्से शोधावे लागत नाहीत. फॉर्म भरेपर्यंत एखादा तरी पदरात पडतोच. लोकांना खर्च करायची हिंमत वाटते की नाही, हे म्हणे जगभर दर महिन्याला मोजतात. परभणी जिल्ह्यात ते मी आणि माझ्यासोबतच्या कौसल्याताई मोजायचो. मुख्य प्रश्न एकच : "वर्षभरानं तुमची परिस्थिती सुधारेल, तशीच राहील की बिघडेल?"

पिंगळीत एका घरी नवरा म्हणाला, "सुधारेल." आतून बायकोचा आवाज आला, "बिघडेल." फॉर्मवर एका घराला एकच टिक. मी नवऱ्याकडं पाहिलं. तो हळूच म्हणाला, "ती म्हणती तेच लिवा, सर. आजची संध्याकाळ तरी सुधरल."

गंगाखेडच्या एका टेलरनं मागच्या महिन्यात सगळ्या प्रश्नांना "बिघडेल" सांगितलं होतं. या महिन्यात सगळीकडं "सुधारेल". धंदा तोच, भाव तेच. नियमाप्रमाणं कारण विचारलं.

"कारण काय न्हाई. तवा दाढ लय दुखायलती. परवा काढून टाकली."

रकान्यात मी तसंच लिहिलं. मुंबईहून साहेबांचा फोन आला, "ही दाढ म्हणजे तिकडचं पीक आहे का?"

याच साहेबांनी एकदा ऑनलाइन मीटिंगमध्ये जगाचा रंगीत नकाशा दाखवला. एका श्रीमंत देशातले लोक त्या महिन्यात फारच निराश होते. कौसल्याताईंचा माइक चालूच राहिला होता. "यांच्या नळाला तर रोज पाणी येत असंल, मग बिघडलं काय?" साहेबांनी पुढची स्लाइड घेतली.

पुढं कंपनीनं ठरवलं, आता दारोदार माणसं नकोत, फोनवर मशीनच विचारेल. त्याच्या चाचणीसाठी मी चारठाण्याला पारूबाईंकडं गेलो. सत्तरीच्या, एकट्या राहणाऱ्या. त्यांना सांगितलं, "पुढच्या महिन्यापासून मी येणार नाही. फोनवरच विचारतील."

"मग तुमी काय करताल?"

तेवढ्यात फोन वाजला. मी स्पीकर लावून दिला. रेकॉर्ड केलेल्या गोड आवाजात एका बाईनं प्रश्न विचारला. पारूबाईंनी तो शेवटपर्यंत ऐकून घेतला.

"कुण्या गावची गं तू?"

"क्षमा करा, आपलं उत्तर समजलं नाही."

"जेवलीस का?"

"क्षमा करा, आपलं उत्तर समजलं नाही."

पारूबाईंनी फोनवर हात ठेवला आणि हळू आवाजात मला विचारलं, "हिला तरी ठेवतील का हो कामावर?"