हळू ओढायचा श्वास

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला लग्न होऊन मी वडगाव निंबाळकरला आले. घरी म्हशी होत्या, त्यामुळं यंत्रावर कडब्याची कुट्टी करायचं, म्हणजे वाळली वैरण बारीक कापायचं काम माझ्याकडं आलं. वर्षभरात मला धाप लागू लागली. भिंतीला टेकून, बसूनच रात्र काढायची. गावातल्या डॉक्टरांनी दम्याचा पंप दिला, पण गुण येईना. "सवय लागंल त्याची," असं शेजारणी म्हणायच्या, ते वेगळंच.

शेवटी सासरे मला एसटीनं बारामतीला, छातीच्या डॉक्टरीणबाईंकडं घेऊन गेले. सासऱ्यांना आम्ही आबा म्हणायचो. बाई म्हणाल्या, "पंप कसा घेता, दाखवा."

मी दाबला आणि जोरात ओढला.

"इथंच चुकतंय. औषध सगळं घशात आपटतंय." त्यांनी कागदावर श्वासनलिका काढली. एकीच्या दोन, दोनाच्या चार, फुटत फुटत बारीक होत गेलेल्या. "जोरात ओढलं की कण वळत नाहीत, घशाला किंवा पहिल्या फाट्यालाच चिकटतात. हळू ओढलं की वळणं घेत आत उतरतात. मग श्वास जरा धरून ठेवायचा, म्हणजे बारीक नळ्यांत बसतात."

आबा पुढं सरकले. "आन् कुट्टीची धूळ वो, बाई?"

"जाड धूळ नाकातच अडते. बारीक असते ती खोल जाते. यांच्या नळ्या सुजून अरुंद झाल्यात, थोडीही सोसत नाही."

बाईंनी रोज घ्यायचा आणखी एक पंप दिला आणि बुडातून पंप पाण्याच्या प्लास्टिक बाटलीत दाबून, तिच्या तोंडातून औषध हळू कसं ओढायचं ते शिकवलं. घरी आबांनी तापलेल्या सळईनं बाटलीच्या बुडाला पंपाच्या तोंडाएवढं भोक पाडलं. मी औषध घ्यायला बसले की समोर बसून म्हणायचे, "हळू वढ पोरी, हळू."

कुट्टीही त्यांनीच हातात घेतली. कडब्यावर पाणी शिंपडायचं, तोंडाला उपरणं गुंडाळायचं आणि यंत्र सुरू.

"सुनंचं काम तुमी करताय? लोक काय म्हनतील?" सासूबाईंनी विचारलं.

"म्हनू देत. तिला दम लागतुया, लोकान्ला न्हाय."

सासूबाई पाटी उचलून गोठ्यात गेल्या. मला मात्र आत जाऊन डोळे पुसावे लागले. माहेरीसुद्धा माझी बाजू कुणी इतक्या सरळ घेतली नव्हती.

काही आठवड्यांनी एका सकाळी जाग आली, तर ऊन दारात आलेलं. मी चक्क आडवी झोपले होते. धारा काढायच्या राहिल्या म्हणून घाबरून गोठ्याकडं धावले. सासूबाई धारा काढून दुधाची किटली झाकत होत्या.

"उठवलं न्हाय," त्या म्हणाल्या. "लई दिसांनी झोपली व्हतीस. जा, च्या ठिवलाय चुलीवर."